टॉम व्हॅलन्स: रेंजर्सचा कर्णधार आणि त्याची लांब उडी

मंडळी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा रेंजर्स क्लब फुटबॉलवेड्यांना वेगळा सांगायला नको. पण त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतला कर्णधार टॉम व्हॅलन्स लांब उडीतला स्कॉटिश विक्रमवीर होता, हे मुरलेल्या फुटबॉलवाल्यांच्याही कानावर सहसा आलेलं नसतं. 1881 साली क्वीन्स पार्क या फुटबॉल क्लबच्या वार्षिक मैदानी स्पर्धांत त्याने 21 फूट 11 इंचांची उडी मारली. आजच्या हिशेबात 6.68 मीटर.

फुटबॉल क्लबाच्या स्पर्धेत लांब उडीचा विक्रम कसा, असं वाटेल. पण तिकडची हौशी ॲथलेटिक्स संघटनाच मुळी 1883 मध्ये निघाली. त्याआधी उडी मारायची हौस असेल, तर असे क्लबच आधाराला होते. हिवाळाभर फुटबॉल, आणि हंगाम आटोपला की मैदानावर शर्यती. पोरं बहुतेक तीच. पैसे घेऊन फुटबॉल खेळायला स्कॉटलंडमध्ये मान्यता मिळाली ती 1893 साली, त्यामुळे चरितार्थाची सोय ज्याची त्याने बघायची.

व्हॅलन्स बॅकला, म्हणजे बचावफळीत खेळायचा. त्या काळी बॅक दोनच असत आणि पुढे आघाडीवीरांची झुंबड. मागे राहिलेलं एवढं मोठं मैदान दोघांनी सांभाळायचं, तर उडीपटूच्या ढांगा कामी येणारच, असं मला वाटतं. 1877 ते 1881 या काळात तो स्कॉटलंडकडून सात सामने खेळला. त्यातला 12 मार्च 1881 चा सामना तर गाजलाच. लंडनच्या ओव्हलवर इंग्लंडचा 6-1 असा धुव्वा! त्या दिवशी व्हॅलन्सचा जोडीदार बॅक आणि संघाचा कर्णधार होता अँड्र्यू वॉटसन, जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू.

क्लबाकडून मात्र स्कॉटिश कपने त्याला हुलकावणीच दिली. 1877 ची अंतिम लढत व्हेल ऑफ लेव्हन या क्लबशी. दोनदा बरोबरी, तिसऱ्यांदा 3-2 ने हार. 1879 मध्ये पुन्हा तेच प्रतिस्पर्धी. 1-1 अशी बरोबरी झाली, पण आपला दुसरा गोल पंचांनी चुकीने नाकारला, असं रेंजर्सचं म्हणणं. फेरसामना ठरला तर हे फिरकलेच नाहीत! त्या दिवशी पोरं एअर नावाच्या गावी घोड्यांच्या शर्यती बघायला गेली होती, असं सांगतात. कप व्हेल ऑफ लेव्हनला बहाल झाला. मला विचाराल तर हा निव्वळ हेकटपणा. कारण त्याच वर्षी ग्लासगोच्या चॅरिटी कपात याच संघाला त्यांनी 2-1 ने हरवलं, म्हणजे मैदानात उतरले असते तर जिंकायची धमक होती. रेंजर्सचा तो पहिलावहिला चषक.

आणि मग, 1882 मध्ये, हा माणूस थेट आपल्याकडे आला. आसामच्या चहाच्या मळ्यांत नोकरीला. ऐन पंचविशीतला खेळाडू, नुकताच विक्रम नावावर लागलेला. पण तिथल्या काळ्या तापाने त्याला असं काही पिळून काढलं, की साधारण वर्षभरात गाशा गुंडाळून परतावं लागलं. मायदेशी ॲथलेटिक्स संघटना उभी राहत होती, राष्ट्रीय स्पर्धा सुरू होत होत्या, आणि याची तब्येत खालावलेली. पूर्वीचा खेळ काही परत आला नाही. पुढे तो क्लबाचा अध्यक्ष झाला, उपाहारगृहांच्या धंद्यात शिरला. चित्रंही काढायचा, आणि ती रॉयल स्कॉटिश अकादमीच्या प्रदर्शनात लागली. 1935 साली तो वारला.