कुत्र्यापुढं टाकलेलं काळीज

(दृश्य : पहाट. माळावर उतरलेला मेंढ्यांचा वाडा.)

माण तालुक्यातला उघडा माळ. वाघरीच्या जाळ्यात रात्रभर कोंडलेली मेंढरं उठायला लागलीत. तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळतोय. घोड्यावरनं उतरवलेलं बिऱ्हाड निम्मं अजून बांधलेलंच आहे, परवा पुन्हा हलायचंय. जाळ्याबाहेर तोंड मातीत टेकवून एक कुत्रं पडलंय. लांडगा आला की आधी ह्याला कळतं, मग माणसाला.

एका म्हाताऱ्या मेंढीचा पाय मोडला. ती आता चालणार नाही, म्हणून कापली. वाटे पडले. काळीज हातात घेऊन आबा थबकतात.

(दृश्य : काळीज, अगदी जवळून.)

तपकिरी काळजावर पांढरट फोड आलेत. एक लिंबाएवढा, दोन-तीन बोराएवढे. सुरीचं टोक लागलं तशी पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी अगदी निवळ. असलं काळीज घरात कुणी शिजवत नाही. ते कुत्र्याचं. कुत्रं उठून बसलंय, त्याला ठाऊक आहे.

(थोडा वेळ निवेदन नाही. फक्त वाड्याचे आवाज.)

ह्या फोडांना डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. आत फीतकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, पिल्लं असतात. कुत्र्याच्या पोटात गेली की साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची जंतं तयार होतात. तांदळाच्या दाण्याएवढी, कधी त्याहून बारीक. एका कुत्र्यात हजारो असू शकतात आणि तरी कुत्रं ठणठणीत दिसतं. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. ती गवतावर, पाण्यात जातात, त्याच्या केसांनाही चिकटतात. मेंढरू गवताबरोबर गिळतं. आणि कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं पोर तोच हात घेऊन भाकरीला बसतं.

माणसात हा फोड बहुतेक वेळा काळजात, म्हणजे यकृतात वाढतो, नाहीतर फुप्फुसात. दुखत नाही, ताप नाही. वर्षंच्या वर्षं जातात. मग उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागतं, सोनोग्राफीत गाठ दिसते. गोळ्या असतात, कधी ऑपरेशन लागतं. ऑपरेशनमध्ये तो फोड फुटू न देता काढायचा, कारण आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेततं आणि नवे फोडही उठू शकतात.

लोक हमखास एक विचारतात : मग मटण खायचं की नाही? खुशाल खा. मटणातनं हा आजार माणसाला होत नाही. गोची आहे ती कुत्र्यापुढं टाकलेल्या त्या तुकड्यात.

(दृश्य : वाड्यावर आलेल्या पशुवैद्यक ताई. बायका घोंगडीवर बसल्यात.)

ताई म्हणाल्या, “आबा, हे कुत्र्याला नको.” आबांच्या आधी आजीच बोलल्या : “बाई, आमी कवाधरनं असंच करतोय. मेंढरांना कुठं काय झालंय?”

आजींचं खरं आहे. मेंढीत वरून काही दिसतच नाही. म्हणून ताईंनी भिंतीवरचा तक्ता आणलाच नाही. वाड्याला भिंत कुठंय? त्यांनी तेच काळीज पुढं ठेवलं आणि फोड बोटानं दाखवला.

साताऱ्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र दहिवडीत आहे. सांगलीकडं जतच्या मडग्याळी मेंढीचं नाव सगळ्या महाराष्ट्रात. ज्ञानाला तोटा नाही. पण शिबिर गावात भरतं तेव्हा वाडा गावात नसतो. दिवाळीनंतर धनगर चाऱ्यामागं निघतो, पावसाच्या तोंडाला परततो. मेंढरांना आंत्रविषार रोगाची लसही पावसाआधीच टोचायची असते. कुत्र्याच्या जंताची गोष्ट काढायची तर तेव्हाच. नाहीतर मग सरळ माळावर यायचं, ताई आल्या तसं.

आइसलँडमध्येही मेंढरं, कुत्री आणि हाच फोड होता. हॅराल्ड क्रॅबे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं लिहिलेली छोटी पुस्तिका १८६४ मध्ये तिथं घरोघर फुकट वाटली. पुढं कायदे आले, कुत्र्यांना औषध सुरू झालं. आज त्या बेटावर हा आजार उरलेला नाही. आपल्या आजी वाचत नाहीत, पण एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

कुत्र्याचा विषय निघाला की चावण्याचाही निघतोच. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. चुना नको, मिरची नको. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची रेबीजची लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. वाडा तोवर तालुका ओलांडून गेलेला असतो. म्हणून केसपेपर भंडाराच्या पिशवीत ठेवायचा आणि जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवायचा. दात कातडीपार जाऊन रक्त आलं असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शन लागतं, ते मागून घ्यायचं.

(दृश्य : आबा खड्डा खणतायत.)

खड्डा गुडघाभर झाला. आबांना वाटलं, पुरे. ताईंनी कुत्र्याकडं बघितलं, आबांनीही. आणखी हातभर खणला. काळीज आत, वर माती, वर दगड.

आता कुत्र्याची जंताची गोळी. दर सहा आठवड्यांनी द्यायची, वजनाप्रमाणं. गोळी कडू. पहिली भाकरीत दिली. भाकरी गेली, गोळी मातीवर आली. आजी हसत उठल्या, चुलीवरच्या रश्शातला शिजलेला तुकडा काढला, बोटानं फोडला, गोळी आत दाबली आणि कुत्र्याला नावानं हाक मारली.