पाणी जिथे थांबतं : ट्रॅक्टरच्या मॉडेलला जुनं रूप देताना

[दृश्य : काळ्या कापडावर १:३२ मापाचा (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा) लाल ट्रॅक्टर, कोरा आणि चकचकीत. कॅमेरा बॉनेटवरून हळूहळू मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत येतो.]

खोक्यातून नुकताच काढलेला ट्रॅक्टर. रंग सगळीकडे एकसारखा, टायर काळेभोर, सायलेन्सरसुद्धा चमकतोय. शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर असा फार दिवस टिकत नाही. इंजिनाच्या उष्णतेने त्याचा रंग जळतो, उघड्या पडलेल्या पत्र्याला पावसाचं पाणी लागतं आणि तो तपकिरी होतो, तो कायमचाच.

मॉडेलला जुनं करताना हात आधी रंगाच्या बाटलीकडे जातो. तो आधी खऱ्या ट्रॅक्टरच्या फोटोंकडे जायला हवा. पत्रा सगळीकडे सारखा गंजत नाही, पाणी जिथे थांबतं तिथे तो गंजतो. चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खायला लागतो. बाहेरून आधी फक्त रंग फुगलेला दिसतो, भोक त्यानंतर पडतं. बॉनेटच्या दुमडलेल्या कडा, दिव्यांच्या पट्ट्या, बोल्टच्या डोक्याखालची फट, बॅटरीच्या पेटीचा तळ, या सगळ्या पाणी किंवा आम्ल साचण्याच्या जागा. इंजिनाचा ओतीव भाग जाड असतो. तिथे गंज पातळ चढतो, आणि बऱ्याचदा त्याच्याही वर तेल-धुळीचा काळा थर बसलेला असतो.

जिथे रोज काहीतरी घासतं, तिथे मात्र गंजाला उसंतच मिळत नाही. क्लचच्या पेडलचा मध्यभाग, चढायच्या पायरीची कड, ड्रॉबारचं, म्हणजे मागे अवजार अडकवायच्या दांड्याचं, भोक, नांगराचे फाळ... ही लोखंडं चमकतात. एकाच ट्रॅक्टरवर गंज आणि चमक हातभर अंतरावर असतात. मॉडेलवर ते अंतर जमलं तरच ट्रॅक्टर राबलेला वाटतो. नाहीतर तो नुसता तपकिरी रंगवलेला दिसतो.

[दृश्य : मोजपट्टीशेजारी रंगाचा एक बारीक टवका.]

आता मापाचा हिशेब. हा टवका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. १:१६ च्या ट्रॅक्टरवर तो खऱ्यातला ८ मिलिमीटरचा होतो, दगड उडून लागल्यासारखा. १:३२ वर तोच १६ मिलिमीटरचा. आणि १:६४ वर ३२ मिलिमीटरचा, म्हणजे कुणीतरी हातोडा मारल्यासारखा. म्हणून १:६४ वर सुटे टवके काढत बसू नये. तिथे फिकटपणा, धूळ आणि कडांवरची पुसट तपकिरी रेघ एवढ्यावर काम भागतं. १:१६ वर मात्र प्रत्येक टवक्याला कारण लागतं, कारण बघणारा तिथपर्यंत डोळे नेऊ शकतो.

[दृश्य : सुटे केलेले भाग : बॉनेट, चाकं, सीट, इंजिन. शेजारी कोमट पाण्याची वाटी.]

भाग जेवढे सुटे होतील तेवढे करायचे. खालचे स्क्रू काढताना कोणता कुठला हे कागदावर चिकटवून ठेवायचं. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात सगळं धुवायचं. कारखान्यातलं तेल आणि बोटांचा चिकटा राहिला, तर पुढचा प्रत्येक थर तिथेच सुटतो. धुतलेले भाग किमान एक दिवस वाळू द्यायचे. खाचेत राहिलेलं पाणी वरून दिसत नाही आणि नेमकं स्प्रेच्या वेळी बाहेर येतं.

इथे दोन वाटा फुटतात. मूळ रंग आणि त्यावर छापलेलं नाव ठेवायचं असेल, तर वर मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, व्हार्निशचा पातळ हात देऊन त्याच्यावरच काम करायचं. टवके स्पंजने द्यायचे, बाकी सगळं ऑइल रंगांनी. दुसरी वाट म्हणजे बॉनेट आणि मडगार्ड पूर्ण नव्याने रंगवणं. त्यात छापील नाव झाकलं जातं, पण रंग खरोखर उडालेला दिसतो.

एक गोष्ट आधीच लक्षात असू द्यावी. धातूच्या मॉडेलचा सांगाडा बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, लोखंडाचा नव्हे. त्याचा रंग खरवडला तर खालून राखाडी जस्त दिसतं, आणि जस्ताला तांबूस गंज चढत नाही. म्हणून गंज आधी रंगवायचा आणि मग तो झाकायचा.

[दृश्य : मडगार्डवर गडद तपकिरी थर. त्यावर स्पंजचा तुकडा हलकेच टेकवला जातो.]

दुसऱ्या वाटेने जाताना प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, वाळला की गडद तपकिरी रंगाचा थर द्यायचा. तो एकसारखा नको. स्पंजच्या फाटक्या तुकड्याने त्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके टेकवायचे, काही ठिकाणी जवळपास काळे. जुना गंज गडद असतो, ताजा गंज केशरी. ताजा नेहमी थोडाच ठेवायचा. यावर लॅकर व्हार्निशचा थर देऊन रात्रभर वाळवायचं. हा थर वगळला, तर पुढे ब्रश थेट गंज उचलून काढतो आणि खालचा प्रायमर डोकावतो.

मग केसांचा साधा हेअरस्प्रे. २० ते २५ सेंटिमीटरवरून दोन पातळ हात, मध्ये थोडी उसंत. पंधरा-वीस मिनिटांत तो वाळतो. त्यावर पाण्याने पातळ केलेला लाल ॲक्रिलिक रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने), एकच पातळ थर. खालचा तपकिरी जेमतेम झाकला गेला की थांबायचं.

[दृश्य : जवळून : ओल्या ब्रशने मडगार्डची कड टोचली जाते. लाल रंगाची कपची सुटते.]

रंग हाताला कोरडा लागला की अर्ध्या तासात कामाला लागायचं. फक्त खालची कड कोमट पाण्याने भिजवायची आणि मिनिटभर थांबायचं. पाणी लाल थरातून झिरपतं, खालचा हेअरस्प्रे विरघळतो. आता कडक केसांच्या, आखूड कापलेल्या ब्रशने घासायचं नाही, टोचायचं. बघा, आधी सुईच्या टोकाएवढी कपची सुटली. तिच्या शेजारी दुसरी. तिसऱ्या टोचणीला दोन्ही एक झाल्या आणि कडेला वाकडीतिकडी तपकिरी किनार उघडी पडली. हा वाकडेपणा हाताने रंगवून येत नाही. टवका दिसावा अशा जागी टूथपिक, लांब ओरखडा हवा तिथे सुई.

या पद्धतीत काय बिघडतं हे माहीत असलेलं बरं. हेअरस्प्रे जाड झाला, तर वरचा रंग वाळतानाच तडकतो आणि सुकलेल्या तळ्यासारखा दिसतो. लाल थर जाड झाला, तर पाणी आत पोचत नाही, आणि पोचलंच तर रंगाचा अख्खा पापुद्रा निघून येतो. काही ॲक्रिलिक रंगांत रबरासारखा लवचीक बांधक असतो. ते टवक्याने सुटतच नाहीत, ताणले जातात. म्हणून आधी प्लास्टिकच्या जुन्या चमच्यावर अख्खी कृती करून बघायची. काम दुसऱ्या दिवसावर टाकलं, तर रंग घट्ट होतो आणि निम्म्या जोराचं काम दुप्पट जोराने करावं लागतं. कड झाली की भाग स्वच्छ पाण्यातून काढून वाळवायचा आणि पातळ व्हार्निशने बंद करायचा. आतला हेअरस्प्रे अजूनही पाण्यात विरघळणाराच असतो.

हेअरस्प्रेऐवजी जाडं मीठही वापरतात. पृष्ठभाग ओला करून खडे टेकवायचे, वरून रंग द्यायचा, वाळल्यावर खडे झाडायचे. डाग मोठे आणि गोलसर येतात, बुडाशी सडलेल्या पत्र्याला ते शोभतात. पण मीठ नीट धुतलं गेलं नाही, तर काही दिवसांनी पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी वर येते.

[दृश्य : बॉनेटवर पांढऱ्या, गेरूच्या आणि तपकिरी ऑइल रंगाचे बारीक ठिपके.]

आता ऊन. लाल रंग उन्हात गुलाबीसर होतो आणि खडूसारखा पांढुरका पडतो. तो वर आकाशाकडे बघणाऱ्या भागांवर जास्त फिकटतो, उभ्या बाजूंवर कमी, आणि कुठल्याशा पट्टीखाली अजून मूळचा लाल शाबूत असतो. १९६४ साली आलेल्या मॅसी फर्ग्युसन १३५ चं उदाहरण घ्या. त्याचा पत्रा लाल आणि इंजिन राखाडी. पत्र्याचा फिकटपणा लांबून दिसतो, तर राखाडी भागावर तेलाचा मळ आधी नजरेत भरतो. १९४६ ते १९५६ या काळात बनलेला फर्ग्युसन टीई २० तर अंगभर राखाडी. त्याच्यावर ऊन दाखवायला गेलात तर काहीच दिसत नाही. तिथे गंजाचे ओघळच बोलतात.

फिकटपणासाठी ऑइल रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवायचा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो, त्यामुळे रंग मॅट वाळतो. मग टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. बॉनेटच्या माथ्यावर पांढरा आणि गेरूचा, बाजूंवर तपकिरी. व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल रंग पातळ करायच्या द्रवात) बुडवून फडक्याला पुसलेला रुंद ब्रश वरून खाली ओढायचा. ब्रश जवळजवळ कोरडाच हवा. ओला असेल, तर ठिपके विरघळून सगळं एका रंगाचं होतं आणि घेतलेली मेहनत पुसली जाते.

खाचांत मळ भरायला तपकिरी ऑइल रंगाचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. एक भाग रंगाला साधारण दहा ते पंधरा भाग व्हाइट स्पिरिट. बारीक ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की वॉश खाचेतून आपोआप धावतो. हे फक्त चमकदार पृष्ठभागावर होतं. मॅटवर तो जागीच पसरतो आणि डाग पाडतो, म्हणून वॉशच्या आधी ग्लॉस व्हार्निश. वीस-तीस मिनिटांनी जादा भाग ओलसर ब्रशने उचलायचा, आणि वॉश वाळला की वर पुन्हा मॅट व्हार्निश. आणि न रंगवलेल्या प्लास्टिकच्या ताणाखालच्या भागांवर, म्हणजे आस किंवा दाबून बसवलेल्या कड्यांवर, व्हाइट स्पिरिट साचू द्यायचं नाही. प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं, तेही बहुधा जोडणी चालू असतानाच.

[दृश्य : पेडलवर ६बी पेन्सिल. मग बोटाने घासलेलं टोक चमकतं.]

घासून चमकलेल्या लोखंडाला चंदेरी रंग लावू नका. तो खेळण्यासारखा दिसतो. ६बी पेन्सिलचं ग्रॅफाइट पेडलच्या मध्यावर, पायरीच्या कडेवर, फाळाच्या टोकावर घासायचं आणि बोटाने चोळायचं. पोलादाची ती गडद, तेलकट झाक ग्रॅफाइटलाच येते. सीट पत्र्याची असेल तर तिच्या खोलगट भागालाही हेच.

सायलेन्सरचं काम सोपं. गडद तपकिरी रंग ओला असतानाच केशरी पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगाची, भुकटी टेकवायची आणि तोंडाशी काजळी काळी ठेवायची.

[दृश्य : मागचं मोठं चाक. उंचवट्यांवर पॉलिश पेपर फिरतो.]

टायरचा काळेपणा आधी कमी करायचा, कारण वापरलेलं रबर राखाडी दिसतं. जमिनीला लागणारे तिरपे उंचवटे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून बोथट करायचे. समोर धारदार कडेचा उंचवटा आणि मागे सडलेलं मडगार्ड हे जुळत नाही. मऊ टायर बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य बाहेर येत राहतं आणि त्यावरचा इनॅमल रंग महिनोन् महिने चिकट राहतो. म्हणून टायरवर ॲक्रिलिक आणि कोरडं पिगमेंट एवढंच.

चिखलासाठी पिगमेंट, चिमूटभर प्लास्टर आणि मॅट ॲक्रिलिक मीडियम यांचा दह्याएवढा घट्ट लगदा. त्यात कापलेले बारीक तंतू घातले की काडी-कचरा दिसतो. हा लगदा आधी मडगार्डच्या आत, मग चाकाच्या आतल्या बाजूला, शेवटी आसावर. बाहेरच्या बाजूला फक्त शिंतोडे : कडक ब्रशवर पातळ लगदा घेऊन टूथपिकने केस मागे ओढून सोडायचे, आणि पहिले दोन फटकारे कागदावर. चिखलाच्या दोन छटा हव्यात, वाळलेली फिकट आणि ओली गडद. ओली नेहमी फिकटीच्या वर येते, खाली नाही.

कोरडी धूळ पिगमेंटची. ती बसवायला व्हाइट स्पिरिटचा थेंब शेजारी टेकवायचा आणि त्याला आपोआप पसरू द्यायचं. वरून व्हार्निशचा भरघोस स्प्रे मारला की धूळ काळवंडते, नाहीशीच होते. म्हणून धूळ व्हार्निशच्या स्प्रेनंतरच, आणि तिच्यावर पुन्हा स्प्रे नाही. भुकटी आणि स्प्रे दोन्ही वेळी नाकाला मास्क, खिडकी उघडी.

[दृश्य : केबिनची काच. कमानीसारखी कापलेली मास्किंग टेप सोलली जाते आणि धुळीत वायपरचा स्वच्छ अर्धगोल उरतो.]

केबिनवाल्या ट्रॅक्टरला ही एक टेप पुरेशी आहे. वायपर जिथवर पोचतो तेवढीच काच स्वच्छ, बाकी धुळीने मळकी.

ओलं तेल सगळ्यांत शेवटी. ग्लॉस व्हार्निशमध्ये गडद तपकिरी ऑइल रंगाचा कण, आणि ते मिश्रण डिझेलच्या झाकणाखाली एक ओघळ, चाकाच्या मधल्या बुडख्यावर एक वलय, हायड्रॉलिकच्या नळीच्या सांध्याशी एक ठिपका. सगळा ट्रॅक्टर मॅट असल्यामुळे एवढीच चमक ओली वाटते. ओघळ झाकणापाशी रुंद, खाली निमुळता, आणि वाटेत बोल्ट आला तर त्याला वळसा घालून जाणारा.

[दृश्य : जोडलेला ट्रॅक्टर खिडकीच्या उजेडात. हात चाकं धरून त्याला फिरवतो, बॉनेटला स्पर्श न करता.]

जोडणी झाली की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. ऑइल रंग वरून कोरडा दिसला, तरी आत ओला असतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. मग दिवसाच्या उजेडात, चाकं धरूनच, तो फिरवून बघायचा. पिवळ्या दिव्याखाली केशरी गंज मऊ दिसतो, उन्हात तोच भडक उठतो. असा भडक डाग सापडला, तर त्यावर गडद तपकिरी वॉशचा एकच थेंब, आणि पुन्हा एक दिवस वाळवण.