भांडी बाजारात कॅपाब्लांका

[दृश्य : भांडी बाजार, दुपार. टांगलेल्या कळशा, समया. गल्ल्याशेजारी बुद्धिबळाचा पट.]

लग्नसराई सोडली, तर नाशिकच्या भांडी बाजारात दुपारी तीनच्या सुमाराला फारशी वर्दळ नसते. या दुकानात त्या वेळी पट मांडला जातो. समोर खेळायला कुणी नाही. आहे एक जुनं पुस्तक, आणि त्याच्या पानावर आडवं ठेवलेलं लग्नपत्रिकेचं पाकीट. पुढच्या खेळ्या झाकायला.

दुकानाच्या मालकांना आजूबाजूचे सगळे काका म्हणतात. काका स्पर्धा खेळत नाहीत. रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणारा आकडा, नाही आणि हवंही नाही. नाशिकमध्ये असं म्हणायला हल्ली जरा धाडस लागतं. विदित गुजराथी याच शहरात वाढला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२४ साली बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. तेव्हा पोरगं बुद्धिबळ खेळतं म्हटलं, की पुढचा प्रश्न रेटिंगचाच. काकांचं उत्तर ठरलेलं आहे : "आम्ही तानसेन नाही हो, कानसेन."

[दृश्य : पुस्तकाचं पान, जुन्या पद्धतीची नोंद.]

पुस्तक इतकं जुनं, की त्यात ‘ई ४’ (उभ्या रांगेचं अक्षर, आडव्या रांगेचा आकडा) असं घर सापडणार नाही. तिथे ‘पी-के ४’. राजासमोरचं प्यादं चौथ्या घरात. पांढरा आपल्या बाजूने घरं मोजणार, काळा आपल्या. जागतिक संघटनेने ही नोंद १९८१ पासून बाद केली. काकांना ती अजून सहज वाचता येते. दुकानात कामाला असलेला पोरगा मात्र ती बघून डोकं खाजवतो.

आजचा डाव न्यूयॉर्कचा, १९२४. पांढरी मोहरी जगज्जेता कॅपाब्लांकाकडे, काळी टार्टाकोव्हरकडे. सुरुवात काका भराभर उरकतात. पंचविसाव्या खेळीला वजिरावजिरी सुरू होते, हत्तींची एक जोडीही जाते, आणि चौतिसाव्या खेळीला पांढरा उंट काळ्या घोड्याला मारतो. आता दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. हिशेब बरोबर. इथे पाकीट थांबतं.

"बोल, काय खेळशील?"

पोरगा पटाकडे बघतो. काळ्या हत्तीचा डोळा सी ३ वरच्या प्याद्यावर आहे. "प्यादं वाचवायला पाहिजे ना, काका?"

पाकीट खाली सरकतं. कॅपाब्लांकाने प्यादं वाचवलेलं नाही. त्याने राजा जी ३ वर नेला. काळ्याने ते प्यादं खाल्लं, वर शह दिला. राजा एच ४ वर. मग एफ ४ वरचं प्यादंही गेलं, पुन्हा शहासकट. दोन प्यादी कमी, आणि राजा निघालाय थेट शत्रूच्या गोटात!

खरी गंमत एकोणचाळिसाव्या खेळीला आहे, आणि काका तिथे घाई करत नाहीत. राजा जी ५ वर उभा. शेजारी एफ ५ वर काळं प्यादं, फुकट. आपण कुणीही ते उचललं असतं. कॅपाब्लांका त्याला हात न लावता राजा एफ ६ वर नेतो. म्हणजे काळ्याचंच प्यादं पांढऱ्या राजाचा आडोसा झालं. काळ्या हत्तीला मागून शह देता येत नाही, कारण मध्ये आपलंच प्यादं. आणि पांढरा हत्ती एच ७ वर, पुढच्या खेळीला एच ८ वर जाऊन मात करायला टपलेला. काळ्या राजाला हलावंच लागतं. मग एकेक प्यादं परत येतं. एफ ५ वरचं ते प्यादं राजा शेवटी मारतो, पण बेचाळिसाव्या खेळीला, गरज संपल्यावर. बावन्नाव्या खेळीला टार्टाकोव्हरने डाव सोडला.

हे सगळं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम, क्षणात सांगतं. पोरगा लगेच मोबाइल काढतो. "थांब रे," काका म्हणतात, "उत्तर त्याला नको, तुला सुचू दे." आम्हाला हे पटतं. इंजिन आकडा देतं. समोरचं प्यादं उचलण्याचा मोह त्या आकड्यात दिसत नाही.

अर्थात काका नुसते जुन्यात रमणारे नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरोंटोला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं. उंट देऊन एच ३ वरचं प्यादं मारलं होतं त्याने. तो डावही याच पटावर मांडला गेला, असाच झाकून झाकून. एवढंच, की तेव्हा शेजारच्या दोन दुकानदारांनाही खेळी सांगायची होती, आणि दोघांचीही वेगळी.

[दृश्य : एक बाई समईची किंमत विचारते. काका किंमत सांगतात, समई पुसून देतात, पुन्हा पटाकडे वळतात.]

पोरग्याने तेवढ्यात मोहरी मागे नेऊन ठेवली आहेत.

"काका, त्याने सी ३ चं प्यादं खाल्लंच नसतं तर?"

"मग काय खेळला असता? दाखव."