काटा काढणारं बीजगणित: श्रीराम अभ्यंकर

(पडद्यावर फळा. खडूने एक वक्र उमटत जातो.)

हा वक्र नीट बघा. य चा वर्ग बरोबर क्ष चा घन. दोन्हीकडून कसा गुळगुळीत येतो आणि आरंभबिंदूपाशी काट्यासारखा टोकदार होतो. आता य च्या जागी 'क्ष गुणिले त' लिहू. दोन्ही बाजूंना क्ष च्या वर्गाने भागलं की उरतं: त चा वर्ग बरोबर क्ष. हा तर साधा अन्वस्त. काटा गेला!

युक्ती शाळेतली. पण तीच पुन्हा पुन्हा वापरून कुठल्याही बैजिक, म्हणजे बहुपदींच्या समीकरणांनी बनलेल्या, आकाराची सगळी टोकं, सगळे पीळ उलगडता येतील का? हा बैजिक भूमितीतला फार मोठा प्रश्न, आणि श्रीराम शंकर अभ्यंकर आयुष्यभर त्याच्याशी झुंजले.

जन्म उज्जैनचा, 22 जुलै 1930. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून 1951 साली पदवी घेऊन हा मराठी मुलगा थेट हार्वर्डला गेला. तिथे गुरू लाभले ऑस्कर झारिस्की. आपल्या नेहमीच्या संख्यांपुरता, तीन मितींपर्यंतचा प्रश्न झारिस्कींनी सोडवला होता. गाडं अडलं होतं ते एका वेगळ्या अंकगणितात.

(पडद्यावर पाच खुणांचं घड्याळ.)

पाच तासांचं घड्याळ घ्या. पाच वेळा 1 मिळवला की काटा पुन्हा शून्यावर. इथे 5 म्हणजेच शून्य. आता वर्ग पूर्ण करायची रीत आठवा. मधलं पद घालवायला आपण 2 ने भागतो. घन असेल तर 3 ने, पाचवा घात असेल तर 5 ने. पण 5 हाच शून्य, मग भागायचं कशाने? नेमकं लागणारं हत्यारच हातातून निसटतं.

पंचविशीतल्या अभ्यंकरांनी अशा अंकगणितातला द्विमितीय पृष्ठभागांचा प्रश्न सोडवला. 1955 साली पीएच.डी. मिळाली, 1956 साली ते काम छापून आलं. दहा वर्षांनी त्यांनी तीन मितीही सर केल्या, घड्याळाचे तास 5 पेक्षा मोठी मूळ संख्या असतील तेव्हा.

1963 पासून ते अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात होते. तो काळ भूमिती अधिकाधिक अमूर्त होण्याचा. अभ्यंकर मात्र ठामपणे 'हायस्कूलच्या बीजगणिता'ची बाजू घेत राहिले: बहुपदी घ्या, हाताने सोडवा. मला त्यांचं हे धाडस त्यांच्या प्रमेयांइतकंच मोलाचं वाटतं. 1957 साली त्यांनी मांडलेलं एक अनुमान मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी 1994 साली सिद्ध केलं. सदतीस वर्षं टिकलेला अंदाज!

पुण्याशी नातं त्यांनी तुटू दिलं नाही. 1976 साली त्यांनी तिथे भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. एरंडवण्यातल्या या संस्थेत संशोधन होतंच, पण शाळकरी मुलांनाही गणिताची गोडी लागते.

2 नोव्हेंबर 2012. ब्याऐंशी वर्षांचे अभ्यंकर घरी, आपल्या टेबलाशी गणित करत बसले होते. तिथेच त्यांचं निधन झालं.

नेहमीच्या संख्यांसाठी जपानी गणितज्ञ हैसुके हिरोनाकांनी 1964 साली सगळ्या मितींचा निकाल लावला होता. घड्याळाच्या अंकगणितात मात्र चौथ्या मितीपासून पुढचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

(फळ्यावर पुन्हा तोच टोकदार वक्र. खडू तिथेच ठेवलेला.)