तरी मोजले

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा मला सांगितलं होतं, तुमच्या कंपनीच्या यशाबद्दल बोला. मी विचारलं, यशाऐवजी एका वहीबद्दल बोललं तर चालेल का? ती वही आज सोबत आणली आहे. शाळेची वही आहे. मागच्या पानांवर पाढे आहेत, पुढच्या पानांवर पतंगांचे, म्हणजे उडणाऱ्या किड्यांचे, आकडे.

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. बीटी कापूस, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष असतं तो, आपल्याकडे २००२ साली आला. पुढे गुलाबी बोंडअळी त्यातल्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने आमच्याकडची उभी पराटी, म्हणजे कपाशी, पोखरली. ही अळी बोंडाच्या आत राहते. वरून बोंड छान हिरवं दिसतं, फोडलं की आत किडकी सरकी. दिसत नाही म्हणून माणूस भीतीपोटी फवारत सुटतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, माहेर नागपूरचं. त्या बातम्या वाचून मला जेवण जाईना. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या मैत्रिणीने नोकऱ्या सोडल्या.

आमची कल्पना साधी होती. वावरात कामगंध सापळा लावतात. त्यातल्या मादीसारख्या गंधाने या बोंडअळीचे नर पतंग येतात. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं तर फवारणीची वेळ आली, असं शास्त्रज्ञ सांगतात. त्याखाली असेल तर पंप पाठीवर घ्यायची गरज नाही. पण डवरणी-निंदणाच्या दिवसांत रोज पहाटे पतंग मोजायला सवड कुणाला? म्हणून आम्ही सापळ्यात चिकट कार्डासमोर छोटा कॅमेरा बसवला. आकडा थेट शेतकऱ्याच्या फोनवर जाणार होता.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात पाच सापळे लावले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, आमचं यंत्र खोटं बोलतंय. धूळ, तुडतुडे, पावसाचा थेंब, सगळ्यांना ते पतंग म्हणत होतं. सहा असतील तिथे तीस दाखवायचं. आमच्या आकड्यावर विसंबून एखाद्याने विनाकारण फवारलं असतं, तर ज्यासाठी नोकरी सोडली त्याच्या उलट काम आमच्या हातून झालं असतं. यंत्र सुधारायचं तर रोज सकाळचा खरा आकडा हवा. पैसे संपत आले होते. एका गुंतवणूकदाराने होकार दिला होता, तो महिनाभराने मागे घेतला. नागपूरहून आठवड्यातून दोनदा येणंच परवडत होतं.

ज्यांच्या वावरात सापळे होते त्या आजी. आमची त्यांची ओळख दहा दिवसांची. त्या दिवशी आम्ही दोघी धुऱ्यावर बसलो होतो, आणि खरं सांगते, मैत्रीण रडत होती. आजी निंदण सोडून आल्या.

"काहून वं, जेवल्या नाई का?"

कारण सांगायच्या आधी त्यांनी शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. स्वतःसाठी आणलेली. आम्ही खाताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग मी मोजतो ना. पतंग तर मोजाचे हाये."

त्यांना लिहिता येत नव्हतं. सहावीतली नात लिहायची. शाळेत जायच्या आधी दोघी वावरात जायच्या, पाचही सापळे बघायच्या, नात वहीत लिहायची. कार्ड किड्यांनी भरलं की बदलायला त्या आमच्याआधी शिकल्या. भुरकट, बारीक पतंग कोणता आणि दुसरे किडे कोणते, हे आजींना आमच्या यंत्राहून किती तरी आधी ओळखता येऊ लागलं. मोबदला देऊ केला तर आजींनी हात मागे घेतला. नातीसाठी दप्तर नेलं, ते घेतलं.

दुसरा माणूस आठवतो तो गावातल्या कृषी केंद्राचा मालक. आमचं यंत्र चाललं तर त्यांचं औषध कमी खपणार, हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं. तरी दुकानातला कोपरा आणि विजेचं बटण त्यांनी आम्हाला दिलं. बॅटऱ्या तिथे चार्ज व्हायच्या. आम्हाला यायला उशीर झाला तर रात्री शटर अर्धं ओढून ते बसून राहायचे. पुढे पुढे तर गिऱ्हाइकाला सांगायचे, "आधी पोरीयचा आकडा पाहा, मंग औषध न्या." मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, यांच्याकडे माझी उधारी आहे, यांचा हंगाम बुडाला तर माझी उधारी बुडते. हा हिशेब खरा असेल. पण २०१७ च्या मोसमाचा विषय निघाला की ते रस्त्याकडे बघत राहायचे आणि दुसरंच काही बोलायला लागायचे. मला वाटतं, कारण तिथे होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या वहीतल्या आकड्यांवर आम्ही यंत्राला पतंग ओळखायला शिकवलं. वेचणी सुरू होईपर्यंत यंत्राचा आकडा आणि आजींचा आकडा एक-दोनाच्या फरकाने जुळू लागला. आज कंपनीत पगारी माणसं आहेत. पण आमच्या कामाचा पाया म्हणजे ही वही, आणि तिच्यावर आमच्यापैकी कुणाचंच अक्षर नाही.

एक पान वाचून दाखवते. त्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला, नाल्याला पूर आला आणि आम्ही सहा दिवस गावात पोहोचू शकलो नाही. फोनही लागत नव्हता. आजींना वाटलं असेल, या पोरी गेल्या सोडून. तसं वाटायला कारण होतं. त्या सहा दिवसांची पानं मी नंतर बघितली. पाण्याने शाई पसरली आहे, पण वाचता येतं. नातीच्या अक्षरात लिहिलंय:

"आज ताई आल्या नाही. पाऊस आहे. तरी मोजले. ११."

खाली दुसऱ्या दिवसाची तारीख. "ताई आल्या नाही. तरी मोजले. ९."

अशा सहा ओळी आहेत.