पूर्वरंग लांबला, ज्योत राहिली

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातलं नाट्य’. सांगलीत नाटकावर बोलायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच उभं राहावं लागतं. समोरच्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तोंडाला रंग फासलाय आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांना पाडलंय. (हशा) त्यात मी दिवे लावणारा, विंगेतला माणूस.

सुरुवात विष्णुदास भाव्यांपासून केली नाही तर तुम्ही मला सभागृहाबाहेर पडू देणार नाही. १८४३ साली अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदासांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या काळच्या खेळांत कथानकाआधी काय चालायचं ते आठवा. सूत्रधार मंगलाचरण गायचा. विदूषक नाचत यायचा, दोघांची जुंपायची. मग गणपती. मग मोरावर बसून सरस्वती. मोर कमरेला बांधलेला, पाय सरस्वतीचेच! आणि राक्षस यायचा झाला की मशालीवर राळ उडायची, भडका व्हायचा, पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात. ऑलिंपिकवाल्यांचा पूर्वरंग याहून फार वेगळा नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमपासून संचलनात पहिला मान ग्रीसचा, शेवटी यजमान. मग ध्वज, शपथ आणि सगळ्यात शेवटी भडका, म्हणजे ज्योत.

विदूषकही तिथे एकदा आला होता, न बोलावता. खाशाबा जाधव जिथून कांस्यपदक घेऊन आले, त्या १९५२ च्या हेलसिंकीत. भर पावसात सोहळा चाललेला आणि पांढऱ्या झग्यातली एक तरुणी धावपट्टीवरून पळत सुटली ती थेट व्यासपीठावर, माइकपाशी. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच प्रवेश! तिला बाजूला नेलं तेव्हा उलगडा झाला. एंट्री अशी घ्यावी. आमच्या हौशी नटांना वर्षानुवर्षं सांगतोय.

आता मूळ विषय. पण त्याआधी एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आपल्याच जिल्ह्यात मुलींच्या खो-खो स्पर्धेचं उद्घाटन होतं. कुठल्या गावात, कुणाची स्पर्धा, ते विचारू नका. त्यातले काही जण इथे बसलेले असतील. मला दिव्यांसाठी बोलावलेलं. मुली दुपारी तीनपासून रांगेत, सावधान-विश्राम, सावधान-विश्राम. प्रमुख पाहुणे ऊन उतरल्यावर आले. मग सत्कार. शाल, श्रीफळ, बुके. ज्यांनी मांडव दिला त्यांचा, ज्यांनी मैदानावर पाणी मारलं त्यांचा, ज्यांनी सत्काराच्या शाली दिल्या त्यांचासुद्धा, आणि त्यांना त्यांचीच शाल! (हशा) खेळाडूचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. अखेर क्रीडाज्योत. वारा सुटलेला. पाहुणे काडी ओढतात, विझते. ओढतात, विझते. कुणी कापूर आणला, कुणी उपरणं आडवं धरलं. निवेदक तीच चारोळी पुन्हा म्हणतोय. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी पुढे आली. हातात तिच्या संघाच्या नावाची पाटी, पुठ्ठ्याची. तिनं ती वाऱ्याच्या अंगाला आडवी धरली आणि वात पेटली. अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. दिवसभरातल्या पहिल्या खऱ्या टाळ्या. आणि संयोजकांनी काय करावं? ‘जागेवर जा’ म्हणून तिच्यावर ओरडले!

माझा मुद्दा एवढाच आहे. या सगळ्या पसाऱ्यात नाट्य एका प्रश्नाचं आहे: पेटतंय की नाही? दिग्दर्शकानं तो प्रश्न जपायचा असतो. आपण तो शालीखाली गाडतो.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) पाच मिनिटं? बरं. पळवतो.

बार्सिलोना, १९९२. अँटोनियो रेबोलो या पॅरालिंपिक तिरंदाजानं पेटता बाण सोडला. तो ज्योतपात्रात पडलाच नाही, वरून जाऊन स्टेडियमबाहेर पडला. बेतही तसाच होता. अलीकडे पडला असता तर खाली प्रेक्षक. पाहणाऱ्याला मात्र नेम लागल्याचाच भास. याला म्हणतात प्रयोग.

सिडनी, २०००. धावपटू कॅथी फ्रीमन पाण्यात उभी, तिच्याभोवती अग्नीचं कडं वर उचललं गेलं आणि मध्येच अडकलं. यंत्रणा रुसली. काही मिनिटं ती भिजलेली, स्तब्ध, चेहऱ्यावर रेषा हलली नाही. आमचा एखादा नट असता तर विंगेकडे बघून खुणा केल्या असत्या.

आणि लंडन, २०१२, दिग्दर्शक डॅनी बॉईल. हे नीट सांगायचं होतं, पण असो. संचलनात प्रत्येक देशाच्या पथकाबरोबर एक मूल तांब्याची पाकळी घेऊन चालत होतं. झेंडा, पाटी, आणि ही पाकळी. कोण लक्ष देतंय? अशा २०४ पाकळ्या जगाच्या डोळ्यांदेखत मैदानाच्या मधोमध पोचल्या. शेवटी सात तरुण खेळाडूंनी ज्योत लावली, पाकळ्या पेटल्या, लांब दांड्यांवरून हळूहळू उभ्या राहिल्या आणि मिळून एकच ज्योत झाली. थॉमस हेदरविकची रचना. स्टेडियमला ना पडदा ना विंग, चारी बाजूंनी प्रेक्षक, मग वस्तू लपवायची कुठे? त्यानं ती खेळाडूंच्या घोळक्यात लपवली. म्हणजे संचलन, जे सगळ्यांत कंटाळवाणं, तेच नेपथ्याची ने-आण झालं. संवाद एक नाही.

पॅरिसची सेन नदी आणि पाऊस राहिला. बीजिंगचे २००८ वादकही राहिले. दुसरी चिठ्ठी आली. हिच्यात नुसतं ‘चहा’ लिहिलंय. (हशा) तर संयोजक मंडळींनी जाता जाता एवढं ऐकावं: यंदा आधी ज्योत, मग खेळ, आणि सत्कार बक्षीस समारंभाला. मुलींना तीनला बोलावलंत तर पाहुण्यांनाही तीनलाच बोलवा. दिवे मी फुकट लावीन.