जबडा वाढतो, कवळी वाढत नाही

नमस्कार श्रोतेहो. कवळी म्हटलं की आजोबांचा पेला आठवतो ना? आज मी चार वर्षांच्या पोराच्या कवळीबद्दल बोलणारे.

मे महिना होता, आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. आजी नातवाला घेऊन आली, पोराच्या अंगावर ओला टॉवेल, डोक्यावर विरळ भुरे केस, आणि तोंडात वरती फक्त दोन दात, खिळ्यासारखे टोकदार. आजी म्हणाली, "डॉक्टर, ह्याला घाम येत नाही ओ, दात बी येईनात. सुनेनं ग्रहण पाळलं नाही." सून दाराशी मान खाली घालून उभी. मी आधी तिला खुर्ची दिली. म्हटलं आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही, ह्याला एक्टोडर्मल डिस्प्लेजिया म्हणतात, केस, घामाच्या ग्रंथी, दाताचं वरचं कवच सगळं गर्भात एकाच थरातून तयार होतं, जनुकात बिघाड झाला की सगळंच कमी पडतं. सिंधमधल्या एका कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुष असेच होते, डार्विननं 1875 साली लिहून ठेवलंय, त्या घरातल्या मुलींना त्रास नाही पण त्यांच्या मुलग्यांना होतो. बऱ्याचदा आईकडून येतो, पण आईची चूक नसते. परत सांगतो, आईची चूक नसते.

मग कवळीसाठी माप, म्हणजे ट्रेमध्ये पेस्ट भरून हिरडीचा ठसा घ्यायचा. पहिल्यांदा ओकला, दुसऱ्यांदा ट्रे चावला, तिसऱ्यांदा आजीनं मांडीवर घेतलं, माझ्या बोटाला आधी ती गुलाबी पेस्ट लावून दाखवली तेव्हा कुठं तोंड उघडलं. दात नसले की हिरडीखालचं हाड भरत नाही, धारेसारखी बारीक हिरडी, त्यात लाळ कमी, आणि वरची कवळी तर लाळेवरच चिकटून बसते, ओल्या काचेवर काच बसते तशी. म्हणून ते दोन खिळे काढले नाहीत, त्यांना आकार देऊन कवळीला त्यांचाच आधार दिला. असे दात कुणी उपटायला सांगितले तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

पहिले काही दिवस मऊ भात, मग दुधात भिजवलेली भाकरी. हल्ली पोरांना चहाबिस्कीट देऊन गप्प करतात ते मला अजिबात पटत नाही, आपली ज्वारी काय वाईट आहे? महिन्यानं आला तर खिशात कडक भाकरीचा तुकडा, माझ्यासमोर कुर्रम करून चावला, आई रडायलाच लागली.

अठरा वर्षांची वाट बघू नका, तीन-चार वर्षांपासून कवळी बसवता येते. फक्त जबडा वाढतो, कवळी वाढत नाही, सैल किंवा घट्ट वाटली की दाखवायला या. त्या पोराची आता तिसरी कवळी चालू आहे, पहिली आजीनं कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलीय.